साहेबांच्या मुलीला हरवलं, त्याचं झालं काय

टेनिसचं नाव निघालं की मी उठून आत जाते. नातवंडं हसतात. हसू देत मेली.

माझे वडील बुलढाण्याला कचेरीत हेडक्लार्क. साहेबलोकांच्या क्लबची व्यवस्थाही त्यांच्याच गळ्यात. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवे मोठे साहेब बदलून आले, त्यांची मुलगी पुण्याहून रॅकेट घेऊन आली, आणि तिच्यासमोर उभी राहील अशी गावात एक पोरगी नाही! साहेबांनी वडिलांना विचारलं, तुमची मुलगी येईल का? साहेबांनी विचारल्यावर आमचे वडील नाही म्हणतात होय! मी गेले. साडीचा पदर खोचलेला, पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, हातात क्लबची जुनी, जाळी सैल झालेली रॅकेट. आई म्हणाली, "लोकं तोंडात शेण घालतीन." कोर्टही शेणानंच सारवलेलं होतं, तेव्हा काही फरक पडला नाही.

पहिले दोन महिने तिनं मला नुसतं पळवलं. मग मी तिला पळवायला लागले. जिद्द म्हणा, खुनशीपणा म्हणा, पण संध्याकाळी पाच वाजले की मला दुसरं काही सुचत नसे. पोरगी मनानं चांगली होती. चेंडू कसा कापायचा ते तिनंच मला शिकवलं.

त्या हिवाळ्यात वरून एक कागद आला. परदेशात पुष्कळ देशांचे मोठे खेळ भरणार होते, त्यात बायकांची एकेरी टेनिस स्पर्धा होती. प्रत्येक जिल्ह्यानं एक मुलगी नागपूरला निवडीसाठी पाठवायची, तिथून दिल्ली, आणि नशीब असेल तर पुढे. आमच्या जिल्ह्यात खेळणाऱ्याच दोघी. साहेबांनी रविवारी सामना ठेवला. जिंकेल ती जाईल, असं सगळ्यांसमोर म्हणाले.

मी जिंकले. पहिला सेट गेला. मग लक्षात आलं, हिला डाव्या बाजूचा चेंडू नीट परतवता येत नाही. तिथंच मारत राहिले. शेवटचा चेंडू तिनं जाळीत घातला आणि पळत येऊन मला मिठी मारली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वडील मात्र कुंपणाशी असे उभे, जणू कुणी मेलंय घरात. दाराशी आल्यावर म्हणाले, "दोन-चार चेंडू सोडले असते तं काय बिघडलं असतं तुह्यं?"

पंधरा दिवस मी पोस्टमनची वाट पाहिली. बोलावणं आलं ते साहेबांच्या मुलीला. वडील म्हणाले, "साहेबानं आपल्याच पोरीचं नाव धाडलं. मोठ्याइचं असंच असते, बाई. आपून काय करणार?"

काय जळले मी! त्या साहेबाला तोंडाला येईल ते बोलले. ती निघायच्या आधी घरी भेटायला आली तर मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. आईनं सांगितलं, ताप आहे.

त्याच वैशाखात माझं लग्न उरकलं. मुलगा जानेफळचा, शाळामास्तर. "एवढी घाई काऊन करून राह्यले तुम्ही?" असं आई वडिलांना दहादा म्हणाली.

ती नागपूरला निवडली गेली, दिल्लीलाही, आणि खरोखर परदेशी जाऊन खेळली. दुसऱ्याच सामन्यात हरली. पेपरात दोन ओळी आल्या होत्या, यजमानांनी वाचून दाखवल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चुलीपुढं बसून हसले. आणि मग रडले, कारण तिथं मी असायला हवी होते.

वीसेक वर्षांनी शेगावला दर्शनाच्या रांगेत तिनंच मला ओळखलं. हात धरून म्हणाली, "अगं, तू का नाही आलीस? बाबांनी तुझंच नाव लिहायला सांगितलं होतं. तुझ्या वडिलांनी लेखी दिलं, मुलीचं लग्न ठरलंय, ती आता खेळणार नाही. मग बाबांनी नाइलाजानं माझं नाव घातलं."

दर्शन न घेताच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी अमडापूर गाठलं. वडील रिटायर होऊन तिथं गावी राहत होते. सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"हाव, देलं लिहून. साहेब मोठेपणानं म्हणाले, तुमच्या पोरीचं नाव लिहा. साहेब खुर्चीवर बसा म्हणते, म्हणून काय क्लार्कानं बसायचं असते? त्याइच्या पोरीले मागं टाकून माह्या पोरीचं नाव माह्याच हातानं लिहू? मले त्याच कचेरीत दिवस काढायचे होते."

"पण माझं लग्न कुठं ठरलं होतं तेव्हा?"

"नव्हतं ना! म्हणून तं दोन महिन्यांत स्थळ पाह्यलं. साहेबाले लेखी देलं होतं, पोरी. कागद खोटा पडला असता तं मी काय तोंड दाखवलं असतं?"

म्हणजे माझं लग्न झालं ते एक कागद खरा करायला. आणि इतकी वर्षं मी शिव्या दिल्या त्या भल्या माणसाला! मी पाणीही न पिता उठले. पुढं वडील आठ वर्षं जगले. सणावाराला मी जात होते, त्यांच्या आजारपणात उशाशी बसले, तोंडात पाणीही मीच घातलं. पण त्या दिवसानंतर मी त्यांना 'बाबा' म्हटलं नाही.