पिशव्यांच्या आडून

मुलांनो, तिरुवैयारूच्या बसमध्ये एक गृहस्थ नेहमी भेटतात. तुमच्यासारखेच मला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतात. इथे उभ्या बाया आपल्या पिशव्या बसलेल्यांच्या मांडीवर देतात. हे गृहस्थ सगळ्यांच्या पिशव्या घेतात आणि त्यांच्या आडून गुपचूप प्रवाशांचे फोटो काढतात.

काल त्यांनी मला माझाच फोटो दाखवला. शेजारच्या फूलवालीच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून मी गाढ झोपले होते.

“पुसून टाका,” मी म्हटलं.

“पुसतो, पाट्टी. पण या बसमध्ये इतकं निवांत कुणी झोपत नाही.”

त्यांनी लगेच पुसला. तेव्हापासून चुटपुट लागली आहे. तुमच्याकडच्या माझ्या सगळ्या फोटोंत मी ताठ बसलेली आहे.

आज फूलवालीशेजारी मुद्दाम डोळे मिटले. झोप येईना. हळूच पाहिलं, तर त्यांचा कॅमेरा दुसरीकडे वळलेला होता.