मालुबाईंची मंगळवारची सुट्टी

मालुबाईंना कामाला ठेवताना मी त्यांची परीक्षाच घेतली. मी हायस्कूलला गणित शिकवते, त्यामुळे माणूस समोर आला की प्रश्न विचारायची खोड आहे. गोळ्यांची नावं वाचता येतात का, बीपी बघता येतं का, सगळ्याला त्यांनी सरळ "न्हाय" म्हटलं आणि उलट मलाच विचारलं, "आप्पा सकाळी उठून कुठं जात्यात?"

नेमकं तेच दुखणं होतं. आप्पा म्हणजे माझे सासरे मारुतीराव. दोन वर्षांपासून त्यांना डिमेन्शिया आहे. माझं नाव विसरले, जेवलेलं विसरतात. पण सकाळी सहाला डोक्याला टॉवेल गुंडाळून शेताला निघायचं काही विसरत नाहीत. कंग्राळीतलं आमचं शेत विकत विकत वीस गुंठ्यांवर आलंय आणि वाटेत वाहता रस्ता आहे. तीनदा त्यांना रस्त्याच्या मधून माघारी आणलं. त्यांना सांभाळायला शहरातून मागवलेली मुलगी दाराला आतून कुलूप घालायची आणि आप्पा दार बडवत राहायचे. चौथ्या दिवशी ती गेली. माझा नवरा युवराज कारखान्यात पहिल्या पाळीला. म्हणजे घरी बसायचं ते मीच. एकवीस वर्षांची नोकरी सोडायचा अर्ज लिहून मी पर्समध्ये ठेवला होता. येळ्ळूरच्या मालुबाई हा शेवटचा उपाय. महिनाभर बघायचं, नाही जमलं तर अर्ज हेडमास्तरांच्या टेबलावर.

बाई पंचावन्नच्या. चौतिसाव्या वर्षी नवरा गेला. दुसऱ्यांच्या रानात तण भांगलून दोन पोरं वाढवली आणि भ्रमिष्ट सासूला आठ वर्षं सांभाळलं. एवढं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि कामाला लागल्या.

त्यांच्या दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. गावात तेव्हा देवीचे वार चालू होते. पंच कमिटी ठरवेल त्या मंगळवारी गावात कुणी शेतात पाऊल टाकत नाही. आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावर तसं सांगतात. त्या सकाळी आप्पा कट्ट्यावर शांत बसून होते. "आज वार हाय," म्हणाले.

मला वाटलं, गणित सुटलं. बुधवारी सकाळी मीच म्हणाले, "आप्पा, आज वार हाय." ते बसले. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारीही बसले. मालुबाई माझ्याकडे नुसत्या बघायच्या, आणि मी नव्या बाईला कशी युक्ती शिकवली, या तोऱ्यात शाळेला जायचे.

शनिवारी दुपारी परत आले, तर आप्पांनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. कट्ट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होते, "गावात साथ आलीया व्हय रं? कोण कोण गेलं?" पूर्वी गावात पटकीची साथ आली की रोज वार पाळायचे. आप्पांची धाकटी बहीण तशाच साथीत गेली. लग्नानंतर त्यांनीच मला सांगितलं होतं. विसरले होते ती मी.

"बाई, राग आला तरी बोलते," मालुबाई म्हणाल्या. "त्यास्नी समदं इसरलंय, पर वार न्हाय इसरला. देवाच्या नावानं कशाला फसवलासा?"

मला आलाच राग. "मग काय रस्त्यावर जाऊ द्यायचं त्यांना?"

"जाऊ द्या की. मी संगट जाते."

आणि त्या आप्पांसमोर जाऊन बसल्या. "आप्पा, साथ न्हाय, काय न्हाय. समदी बरी हाईत. वार सुटला. उद्या भांगलायला जायाचं हाय, दोन घास खावा." आप्पांनी तांब्या उचलला. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन उगीच भांडी घासली.

रविवारपासून सहा वाजता दोघं निघू लागले. रस्ता ओलांडताना मालुबाई त्यांचं कोपर धरतात. एकदा मी मागोमाग गेले. आप्पा गवताबरोबर भुईमूगही उपटत होते. "आप्पा, ह्ये ऱ्हाऊ दे, ह्येला शेंगा लागत्यात," असं म्हणत मालुबाई रोप परत मातीत दाबत होत्या. शंभरदा म्हणाल्या असतील, आवाज एकदाही चढला नाही. वर्गात कुणी तिसऱ्यांदा तेच विचारलं की मी खडू फेकते. दहाला दोघं घरी येतात. मग आप्पांची आंघोळ, भाकरी आणि दुपारपर्यंत झोप.

सगळं गोडच आहे असं नाही. कधी आप्पा ताट भिरकावतात, कधी मालुबाईंनाच चोर म्हणतात. त्या ताट उचलतात आणि "चोरानं दुसरं वाढलंय, खावा," म्हणतात. मग आप्पा जेवतात.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी भोंग्यावर वाराची सूचना झाली. मालुबाई चप्पल घालत होत्या. आप्पांनी हाक मारली. "गं बाई, उद्या वार हाय. रानात जायाचं न्हाय. तू बी येऊ नगंस, तुझ्या पोरांत बस."

मालुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. युवराज म्हणाला, मी आठवड्याची सुट्टी मंगळवारी मागून घेतो, घरी मी थांबतो. देवीचे वार संपले तरी मालुबाईंची ती सुट्टी तशीच चालू आहे.

त्या संध्याकाळी मग आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "आन् ह्या बाईला सांग, उद्या शाळंला जा म्हणावं. शाळंला वार नसतोय."

माझं नाव त्यांना अजून आठवत नाही. मी आत गेले, पर्समधला अर्ज काढला आणि फाडून टाकला.