दादूने डायरेक्ट केलेली मशीन

दादूला बसवून दाखवावं कोणी. चहासुद्धा तो उभ्यानेच प्यायचा, आणि कप खाली ठेवायच्या आत त्याचा दुसरा हात समोरच्या मशीनचा मागचा पत्रा उघडायला लागलेला असायचा. बायको कमळ म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय." पण मुरुडपासून चौलपर्यंतच्या जुन्या वॉशिंग मशीन या भिंगरीवरच जगल्या होत्या. कंपनीचा माणूस "आता नवीनच घ्या" म्हणून निघून गेला की लोक दादूला फोन लावायचे.

समुद्रकाठचा खारा वारा लोखंडाला सुखाने नांदू देत नाही. म्हणून मशीन जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवायची, स्क्रूंना ग्रीस फासायचं, उंदीर शिरू नयेत म्हणून खालून जाळी ठोकायची, हे दादूनेच घरोघरी शिकवलेलं. पण एक गोष्ट काही केल्या वाचायची नाही. मशीनच्या कपडे पिळायच्या बाजूला, म्हणजे ड्रायरला, झाकणाखाली एक बारका स्विच असतो. झाकण उघडलं की मोटर बंद होते, ब्रेक लागतो आणि फिरतं भांडं थांबतं. हा स्विच गंजला की ड्रायर मुळात फिरतच नाही, आणि जुन्या मशीनचा स्विच बाजारात मिळत नाही. मग दादू ब्रेकची तार आणि स्विच काढून स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकायचा. धंद्यात याला डायरेक्ट करणं म्हणतात. ड्रायर झक्कास फिरायचा. फक्त झाकण उघडलं तरी फिरतच राहायचा. "घरघर थांबल्याबिगर हात घालायचा न्हाय," एवढं बजावून दादू पुढच्या घरी पळायचा. लोकही पाळायचे, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

एके दिवशी सकाळी तो मुरुडला नीराबाईंच्या लॉजवर गेला, तर मागच्या पडवीत चिऱ्यावर नवीकोरी मशीन उभी.

"जुनी कुठं गेली, बाई?"

"पूनमला देऊन टाकली," नीराबाई म्हणाल्या. पूनम त्यांच्याकडे खोल्या आवरायला होती. "तिने तळ्याला, गावी आईकडे पाठवली. म्हातारीचे गुडघे गेलेत, विहिरीवर धुणं होत नाही तिच्याने."

"झाकणाचं सांगितलं का तिला?"

"झाकणाचं काय सांगायचं?"

लॉजवर सगळ्यांच्या हातांना घरघर थांबेपर्यंत थांबायची सवय इतकी लागली होती की ती सांगावी लागते हेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पूनम गच्चीवर चादरी वाळत घालत होती. तिनेही आईला काही सांगितलं नव्हतं. फोन लावला तर लागेना.

"आई एकटीच असते का गं घरात?" दादूने विचारलं.

"न्हाय, माझी लेक प्राप्ती हाय ना तिच्याजवळ. अंगणवाडीत जाते. मशीन फिरली की पोरगी तिथून हलत न्हाय, आई सांगते."

पुढचं बोलणं ऐकायला दादू थांबला नाही. घरी जाऊन त्याने मागच्या खोपटातल्या मेलेल्या मशीनपैकी एक उलटी केली, तिचा स्विच आणि ब्रेकची तार सोडवून घेतली. काम किचकट होतं, पण होण्यासारखं होतं. इतकी वर्षं हे स्विच इथेच पडून होते. बाजारात नवा स्विच मिळत नव्हता हे खरं; पण खोपटात बसून, घासूनपुसून एखादा चालता करण्याइतका धीर दादूने कधी धरलाच नव्हता. कमळने जेवायचं विचारलं तेव्हा तो गाडीला किक मारत होता.

तळ्याचा रस्ता वळणांचा. वाटेत तो स्वतःशीच भांडत होता. चालवून दिली, उपकारच केले की नाही? लोकांना नवी परवडते का? मग लगेच त्या पोरीचा हात डोळ्यांसमोर यायचा आणि तो गाडी आणखी पिळायचा. खाई त्याला खवखवे, ते काही खोटं नाही.

घरासमोर प्राप्ती मातीत चूल मांडून खेळत होती. दादूने आधी तिचे हात पाहिले. दोन्ही धड होते, कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला बसावंसं वाटलं.

तेवढ्यात ठमाबाई दारात आली. पूनमची आई. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं होतं.

"मावशी, हाताला काय झालं?"

"विळीवर कापलं."

विळीने कापलं तर बोट असं वाकडं होत नाही, नखं अशी काळी पडत नाहीत. दादू बघत राहिला. म्हातारीने हात पदराखाली घेतला.

"लुगड्याचा पदर आत अडकला व्हता," ती शेवटी म्हणाली. "ओढाया गेले तर बोटांना पीळ बसला. डाक्टरकडं जाऊन आले. पूनमला बोलू नको रं बाबा. ती मशीन घेऊन जाईल, आन मला परत विहीर. चूक माझीच हाय. मशीन चांगली हाय, मी अडाणी."

"मावशी, चूक तुमची न्हाय. झाकणाखालची वायर मी जोडली."

"तू?" ठमाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तूच ती चालू ठेवलीस व्हय? देव तुझं भलं करो."

दादूला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मान खाली घालून त्याने मशीन उघडली, जोड तोडला, स्विच बसवला, ब्रेकची तार ताणली. ओलं लुगडं टाकून ड्रायर फिरवला. मग ठमाबाईला झाकण उघडायला सांगितलं. तिने डाव्या हाताने उघडलं. भांडं दोन गचके खाऊन थांबलं.

"बंद पडली," ती घाबरून म्हणाली.

"पडणारच. आता दरवेळी पडेल. काढा लुगडं."

पण तिचा हात काही पुढे होईना. पदराखालचा नाही आणि बाहेरचाही नाही. शेवटी दादूनेच लुगडं काढलं, झटकलं आणि अंगणातल्या दोरीवर घातलं. पूनमला आपण स्वतः सांगू, मशीन इथेच राहील, असं तो म्हणाला.

परतताना तो घरं आठवत होता. कुठेकुठे डायरेक्ट केलं, त्याने कधी लिहून ठेवलं नव्हतं. खोपटातल्या स्विचांपेक्षा घरं जास्त होती, एवढं मात्र नक्की. ज्यांना स्विच मिळणार नाही त्यांचा ड्रायर बंद करावा लागेल, आणि तीच माणसं आजवर त्याला चहा पाजत होती.

मुरुडला पोचल्यावर घराकडे न वळता त्याने कोळीवाड्यात पहिल्याच आठवलेल्या दारासमोर गाडी लावली आणि पान्यांची पिशवी काढली.

"आमची मशीन न्हाय बिघडली, दादू," आतून बाई म्हणाली. "तू केल्यापासून एकदम मस्त चालते."

"ठाऊक हाय," दादू म्हणाला. "म्हणूनच आलो."