कमळचं ‘बढ गया’

कमळला हिंदी मी शिकवली. खरं तर मला याचा अभिमान वाटायला हवा, पण तिला शिकवून माझ्याच डोक्यात जो गोंधळ झालाय तो अजून निस्तरलेला नाही.

मी कोळवणच्या शाळेत हिंदीचा मास्तर. कमळ माझ्या शेजारची, गेणबाची बायको. तिच्या सासऱ्याने अठ्ठ्याण्णव साली रस्त्याकडेचं भातखाचर पुण्याच्या पार्टीला विकलं, तिथं फार्महाऊस उभं राहिलं आणि पुढे ते कानपूरकडच्या एका जोडप्याने घेतलं. घराची राखण आणि पाहुणे आले की स्वयंपाक, हे काम कमळला मिळालं. पगारासाठी ती एवढी धडपडत नव्हती. घरामागची विहीर तिच्या सासूने डोक्यावर माती वाहून खणलेली, आणि विहिरीकाठच्या पट्ट्यात कमळ अजून वांगी-मिरच्या लावायची. चावी कमरेला आहे तोवर ती आपल्याच रानात होती. चावी गेली की फाटकाबाहेर. त्या जोडप्यातल्या मॅडमना मराठीतलं ओ की ठो येत नव्हतं, म्हणून बाई माझ्या ओट्यावर हिंदी शिकायला येऊन बसली.

हुशार होती. ‘का, की, के’मध्ये माझी सातवीतली पोरं अजून ठेचकाळतात, ही कधीच नाही. मी तर शाळेत तिचं उदाहरण देऊन पोरांना बोलायचो.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मॅडमचा पुण्याहून फोन आला. पाहुणे यायचे होते.

“कमल, चावल है ना?”

“चावल बढ गया, मॅडम.”

“और तेल?”

“तेल भी बढ गया.”

घर भरलेलं आहे म्हटल्यावर मॅडम दोन गाड्या भरून माणसं घेऊन आल्या, आणि सामान म्हणून फक्त मिठाई न्‌ कोल्ड्रिंकच्या बाटल्या. तांदळाचा डबा उघडला तर तळ दिसत होता.

“ये क्या है?”

“मैंने बोला ना, बढ गया.”

“कहाँ बढ गया? एक दाना नहीं है इसमें!”

“हां, वहीच. पूरा बढ गया.”

पाहुणे हसले, मॅडम हसल्या नाहीत. बाईने तांदूळ विकून खाल्ला आणि वर चेष्टा करतेय, असं त्यांना वाटलं. मला बोलावणं आलं. मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे घरातली वस्तू संपली असं तोंडातून काढत नाहीत. बांगडी फुटली तरी वाढली, दुकान बंद केलं तरी वाढवलं, तांदूळ सरले तरी वाढले. संपलं म्हटलं की लक्ष्मी रुसते.

“मतलब, जो नहीं है उसको ज्यादा बोलते हैं?” मॅडमनी विचारलं.

असं तोंडावर विचारल्यावर मलाही ते वेडेपणाचं वाटायला लागलं. त्याच सकाळी माझी बायको म्हणाली होती, कुंकू वाढलंय, येताना आणा. आणि मी मुकाट्याने पुडी आणली होती. इतकी वर्षं दोन्ही भाषा तोंडात घोळवतोय, पण माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

“सीधा खत्म बोलो,” मॅडम कमळला म्हणाल्या. “फिर ऐसा हुआ तो मैं हिंदीवाली रख लूंगी.”

संध्याकाळी कमळ ओट्यावर आली ती रडकुंडीला येऊन. “गुर्जी, खतम म्हंजी मेल्यालं ना वो? भरल्या घरात तसं कसं म्हनू?”

“अगं, हिंदीत तो साधा शब्द आहे.”

“हिंदीत म्हनलं तर लागत न्हाई का?”

“छे, नाही लागत.”

“मंग हिंदीत दिल्याली शिवी बी लागत न्हाई म्हना की.”

आदल्याच आठवड्यात एका जेसीबीवाल्याने मला हिंदीत शिवी घातली होती आणि ती चांगलीच लागली होती. एका भाषेतला अपशकुन दुसऱ्या भाषेत जातो की वाटेत उतरतो, हे कुठल्याच व्याकरणात दिलेलं नाही.

शेवटी तिनेच वाट काढली. फोनवर ‘चावल खतम’ म्हणायची आणि लगेच रिसीव्हरवर हात ठेवून पुटपुटायची, “वाढलं गं बाई, वाढलं.” मॅडमनी एकदा ते ऐकलं. हसल्या, अर्थ विचारला, आणि मग त्यांनाही त्याची गंमत वाटायला लागली. पुढची वर्षं सुखाची गेली. चावी कमळच्या कमरेलाच राहिली.

दोन हजार नऊ साली एक दिवस कमळ गुळाचा खडा घेऊन आली. सगळ्या आळीत वाटून आली होती.

“गुर्जी, मॅडमचा फोन आला. मराठीत बोलल्या! ‘कमळ, आमचा घर वाढला.’ वरचा मजला चढवत्यात जनू. बोलता बोलता रडल्या बी, लई आनंद झाला आसंल.”

मी गूळ तोंडात टाकला. तेवढ्यात माझा फोन वाजला.

“मास्टरजी, कमल ठीक है ना?” मॅडम विचारत होत्या. “इनकी नौकरी चली गई. घर का सौदा हो गया, नए लोग अपना चौकीदार लाएंगे. मैंने कमल को उसी के ढंग से बताया, कि बुरा न लगे.”

“मॅडम, घर के लिए ऐसा नहीं बोलते.”

“पर आपने ही तो समझाया था.”

समजावलं होतं खरं. तांदळाला चालतं ते घराला का चालत नाही, मला सांगता येईना. मी फोन ठेवला. कमळ समोर उभी होती, आणखी गूळ पुढे करत.

“कमळ, मॅडमनी घर विकलं.”

“न्हाई वो, वाढलं म्हनल्या.”

“तेच सांगत होत्या त्या.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फार्महाऊसकडे. हात कमरेच्या चावीवर गेला.

“आन्‌ मी समद्या आळीला गूळ वाटला,” ती म्हणाली. “आसं का केलं वो त्यांनी? सरळ खतम म्हनायचं की.”