तीन खोडून तीन

कार्ड हातात आलं की तात्या आधी ते उलटं करायचे. पुढच्या बाजूला एखादा फलंदाज बॅट उंचावून हसत असला तरी त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. "फोटो काय, कोणीही बघेल," म्हणायचे. "मागे काय छापलंय ते वाच." मग चष्मा कपाळावर सरकवून कार्ड नाकाशी न्यायचे आणि सामने, धावा, बळी, झेल असं एकेक वाचत जायचे. ओठ हलत राहायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला लग्नपत्रिकेत मुहूर्ताआधी चुकलेली वेलांटी दिसते.

रत्नागिरीतल्या ज्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला होतो तिथे ते प्रूफं तपासायचे. छापखाना लहानसा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उत्सवांची हँडबिलं आणि आठवड्याला चार पानांचं एक साप्ताहिक. मालक, यंत्रावर एक संगमेश्वरकडचा माणूस, मी आणि ते, एवढीच वस्ती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी देवरूखला दिलेली, खालच्या आळीत एक भाड्याची खोली. त्यांचं खरं नाव सांगत नाही. आम्ही तात्या म्हणायचो आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकलो त्यानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट. च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची. पुढे फोटो, मागे इंग्रजीत आकडे. पोरंसोरं ती जमवायची, आणि पन्नाशी उलटलेले तात्याही जमवायचे. त्यांना दात मोजकेच, तेव्हा गम आमच्या वाट्याला यायचा. दुपारभर आम्ही दोघं चघळत कामं करायचो. यंत्रवाला एकदा वैतागून म्हणाला, "तात्यानू, गिऱ्हाईक इलं की आमी रवंथ करताना दिसतो. गुरांसारके."

"करा, करा," तात्या म्हणाले. "तोंड बंद राहतं तेवढं."

आता गंमत अशी, की आमच्या गावात दुकानदाराकडे जो खोका यायचा त्यात फिरून फिरून तेच आठ-दहा चेहरे. एकाच यष्टिरक्षकाची अकरा कार्डं तात्यांकडे झाली होती. मग कुठल्याशा क्रीडा मासिकात वाचकांचे पत्ते छापून यायचे, त्यातून त्यांनी टपालाने अदलाबदल सुरू केली. नाशिक, बेळगाव, इंदूर, अमरावती. पोस्टकार्डावर दोन याद्या लिहायच्या, डावीकडे 'जादा', उजवीकडे 'पाहिजे'. नव्या माणसाने आपली कार्डं आधी पाठवायची, जुन्याने नंतर. तात्या नवे असोत की जुने, आधी पाठवून मोकळे व्हायचे. छापखान्यातल्या पुठ्ठ्याच्या दोन कातरणांमध्ये कार्डं ठेवायची, कमी तिकिटात जावं म्हणून पाकिटाची जीभ न चिकटवता नुसती आत खोचायची आणि वर 'बुक पोस्ट' लिहायचं. पोस्ट माझ्या घरच्या वाटेवर, म्हणून संध्याकाळी ते पाकीट माझ्या खिशात.

एवढ्यावर राहिलं असतं तर सगळं सुरळीत चाललं असतं. पण तात्यांना चूक सोडवत नसे. त्या कार्डांच्या मागचे आकडे बऱ्याचदा चुकीचे असायचे. तात्यांकडे वर्तमानपत्रांतून उतरवून घेतलेल्या आकड्यांच्या वह्या होत्या, आणि वह्या बघायची त्यांना गरजही पडत नसे. ते कार्डावरचा चुकीचा आकडा शाईने खोडायचे, समासात प्रूफाच्या खुणेने बरोबर आकडा लिहायचे आणि मगच कार्ड दुसऱ्याला पाठवायचे. चुकीची वस्तू आपल्या हातून पुढे जाता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता. हट्ट कसला, त्यांचं तेवढंच होतं. घर, पैसा, मान यांतलं काही फारसं हाती न लागलेल्या माणसाने एक गोष्ट धरून ठेवली होती, की मी बघितलं म्हणजे ते बरोबर.

जमवणाऱ्यांना अर्थातच कोरी कार्डं हवी असत. नाशिकवाल्याने कार्डं परत धाडली, बरोबर चार ओळी, 'खराब माल पाठवू नये.' तात्या दिवसभर धुसफुसत होते. "फलंदाजाला शंभर धावा फुकटच्या दिलेल्या ह्याला चालतात. माझी शाई तेवढी चालत नाही." बेळगाव गेलं, इंदूर गेलं. उरले अमरावतीचे एक गृहस्थ, दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी स. न. वि. वि. घालून लिहिलं, 'आपल्या दुरुस्त्या योग्य असतीलही, परंतु शाई लावू नये ही विनंती.' तात्यांनी दोन दिवस विचार केला आणि पेन्सिल घेतली. पेन्सिलीवर समेट झाला. पुढे तीन वर्षं अमरावती आणि रत्नागिरी यांच्यात ही पाकिटं येत-जात राहिली. एकमेकांना बघितलं कोणीच नाही.

डोळे कधी बिघडले ते त्यांनी सांगितलं नाही. कार्ड तिरकं धरायला लागले, माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायला लागले, तेव्हा आम्हाला कळलं. मिरजेला दाखवून आले. "मधलंच दिसत नाही रे," म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. तुझे कान दिसतात, नाक नाही. काही बिघडत नाही तुझं." ऑपरेशन करण्यासारखं ते दुखणं नव्हतं.

मग मालगुंडच्या एका लग्नाची पत्रिका गेली. तारीख बरोबर, वार चुकीचा. मुलीचा बाप छापखान्यात येऊन बसला, ओरडला नाही, नुसता पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला. वार मी चुकीचा जुळवला होता. पण प्रूफावर सही झाली की चूक तपासणाऱ्याची होते, हा धंद्याचा नियम. तात्यांनी तो मालकांसमोर मान्य केला. मी गप्प राहिलो. मालक वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवसापासून पत्रिका स्वतः वाचायला लागले. तात्यांकडे हँडबिलं राहिली. ती कोण वाचतो?

त्याच सुमारास एका संध्याकाळी पोस्टाच्या पायरीवर मी अमरावतीचं पाकीट उघडून बघितलं. चिकटवलेलं नव्हतंच. एका कार्डावर इंग्रजी तीनचा आकडा पेन्सिलीने खोडला होता आणि समासात, जरा वाकडातिकडा, लिहिला होता तीन. मी उलटसुलट करून बघितलं. तीन खोडून तीन. दुसऱ्यावर सहा खोडून सहा.

मला लाज वाटली, त्यांची. अमरावतीचा कंपाउंडर हसेल, म्हातारा खुळावला म्हणेल, असं वाटलं. खिशात खोडरबर होता. मी दोन्ही खुणा पुसल्या, कार्डावर फुंकर मारली आणि पाकीट पेटीत टाकलं.

मग ते रोजचंच झालं म्हणायला हरकत नाही. पहिली काही पाकिटं मी नीट बघितली. कुठली खूण उगाच केलेली, कुठली खरी, ते पडताळून उगाच केलेलीच पुसली. पण दिवसभर उभं राहून खिळे वेचलेल्या माणसाला संध्याकाळी कसला हुरूप असणार? पुढे पुढे मी वाचणं सोडलं. पाकीट काढायचं, दिसेल ती पेन्सिल पुसायची, टाकायचं. हे मी जवळजवळ वर्षभर केलं, आणि त्या वर्षात मला स्वतःबद्दल वाईट वाटलं असं काही नाही. उलट आपण एका माणसाची अब्रू सांभाळतोय असंच वाटत होतं.

अमरावतीहून येणारी पत्रं आता मीच वाचून दाखवायचो. एका दुपारी चहा पिताना पोस्टकार्ड हातात घेतलं आणि भरभर वाचत सुटलो. 'गेल्या वर्षभरात आलेल्या एकवीस कार्डांवर आपली एकही दुरुस्ती नाही. आरंभी मला पेन्सिलही खटकत असे, हे कबूल करतो. आता खूण नसलेलं कार्ड अपुरं वाटतं. प्रकृती बरी आहे ना? आपण बघूनच पाठवता ना?'

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हा कुठे मला कळलं मी काय वाचतोय.

तात्यांनी कप खाली ठेवला. माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "एकही नाही म्हणतो?"

"हो."

"मी तर केल्या होत्या."

यंत्र बंद होतं. मी म्हटलं, "मी पुसल्या, तात्या. चुकीच्या होत्या."

"सगळ्या?"

काय सांगणार होतो? वाचलं असतं तर सांगितलं असतं. "सगळ्या," मी म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बरं केलंस. नायतर हसं झालं असतं." आणि कप विसळायला उठले. दिवाळीआधी मालकांना सांगून त्यांनी काम सोडलं. मालक थांबा म्हणाले, एकदाच म्हणाले. देवरूखचा जावई येऊन खोली आवरून त्यांना घेऊन गेला. एसटीत बसवायला मी गेलो होतो. खिडकीतून म्हणाले, "अमरावतीला तू कळव. म्हणावं, दुकान बंद."

मी कळवलं. महिन्याभराने छापखान्याच्या पत्त्यावर तात्यांच्या नावाने एक रजिस्टर पाकीट आलं. आत ती एकवीस कार्डं, दोन पुठ्ठ्यांमध्ये, आणि चिठ्ठी, 'ही बघायची राहिली आहेत. बघून पाठवावीत. घाई नाही.'

पाकीट माझ्या खिळ्यांच्या केसशेजारी फळीवर पडून राहिलं. शिमगा झाला, आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापून झाली. मे महिन्यात एका रविवारी मी देवरूखची गाडी पकडली.

तात्या पडवीत बसले होते, हडकले होते. मुलीने चहा दिला आणि हळूच मला म्हणाली, "कोणाशी बोलत नाहीत हो हल्ली. विचारलं तर म्हणतात, माझ्या बोलण्याचा भरवसा नाही." मी पाकीट काढलं, काय आहे ते सांगितलं. म्हणाले, "मला कशाला दाखवतोस? मला दिसतंय थोडंच."

"मी वाचतो. तुम्ही नुसतं ऐका."

पहिलं कार्ड वाचलं. सामने इतके, धावा इतक्या, झेल इतके. तात्या गप्प. मला वाटलं, त्यांना आठवत नाही. मग म्हणाले, "बरोबर. पुढचं." दुसरं वाचलं. "बरोबर." चौथ्याला हात वर केला. "वायच थांब. झेल परत वाच. एकोणीस नव्हे, एकोणतीस. लिही." मी पेन्सिलीने लिहिलं. ते पाठीला उशी न घेता ताठ बसले होते आणि ओठ हलत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली ती तिथेच. तासाभरात एकवीस झाली. पाच चुका निघाल्या. त्या पाचही ठिकाणी खोडरबराने कागद जरा खरबरीत झाला होता. तो बोटाला लागला तेव्हा मी सगळं सांगितलं, न वाचता पुसल्याचं आणि आधीच्या पाकिटांत काय दिसलं होतं तेही.

"म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.

"तीन छापलेला असायचा. तुम्ही तो खोडून तीन लिहायचात."

तात्या हसायला लागले. इतके हसले की मुलगी घाबरून पुढे आली. "मला तो आठ दिसत असेल," म्हणाले. डोळे पुसले.

"मेल्या, मला वाटलं डोकंच गेलं माझं," ते म्हणाले. "तू चुकीच्या म्हणालास ना. सात महिने मी तेच धरून बसलोय. नातवाचं वय सांगायलाही भीती वाटते."

मी मान खाली घातली. ते त्यांना दिसलं नसावं.

"आणि हे असं तेव्हाच जमलं असतं रे," ते पुढे म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "छापखान्यात. तू वाचायचं, मी ऐकायचं. म्हणणार होतो एकदा, रोज अर्धा तास वाचून दाखव म्हणून. मग म्हटलं, ह्याला कुठला वेळ."

पोस्टाच्या पायरीवर मी रोज तेवढाच वेळ घालवत होतो.

निघताना मी सांगितलं, मालकांशी बोलतो, पुढच्या रविवारी प्रूफं घेऊन येतो. मालक तयारही झाले. साप्ताहिकाच्या चार गॅल्यांची, म्हणजे मजकुराच्या लांब पट्ट्यांची, प्रूफं गुंडाळी करून त्यांनी माझ्याकडे दिली. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला, पाऊस सुरू झाला, साखरप्याकडून जाणारी देवरूखची गाडी उशिरा सुटते म्हणून एकदा स्टँडवरून परत आलो. श्रावणात जावयाचं पोस्टकार्ड आलं. कार्डाला वरच्या कोपऱ्यात, कोणी गेल्याचं कळवताना मारतात तशी, कातर मारलेली होती, तेव्हा वाचायच्या आधीच कळलं.

त्या दहा-बारा रविवारांत मी काय करत होतो ते आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. काहीच करत नव्हतो. घरी होतो.