गोठ्यातलं आडनाव

यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात विल्फ्रेड स्कारलेथनं चाळीस वर्षं चुन्याशिवाय दगडी कुंपणं रचली. एरवी बोलणं मोजकं, पण आडनावाचा विषय निघाला की गडी सुटायचा. आपला मूळपुरुष नऊशे वर्षांपूर्वी देश जिंकायला आलेल्या विल्यम राजाच्या फौजेबरोबर समुद्र ओलांडून आला, कड्याखालची जमीन त्याला इनाम मिळाली आणि तिथल्या गोठ्यालाही त्याचंच नाव पडलं, हे पबमधल्या प्रत्येकाला पाठ झालं होतं. टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकात मात्र त्या आडनावाची एकच ओळ होती.

बायको गेलेली, पदरी एकुलती एक मुलगी. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली डोरीनचं लग्न ठरलं, तशी नाव बुडण्याची धास्ती त्याच्या मनानं घेतली. शेवटी त्यानं होणाऱ्या जावयालाच गळ घातली, आमचं नाव तू घे म्हणून. नऊशे वर्षांचं घराणं ऐकून क्लिफर्ड बिचारा भिडेपोटी हो म्हणाला.

लग्नाच्या निमित्तानं म्हाताऱ्याला त्याचा मूळपुरुष शोधून द्यावा, असं पाद्रीसाहेबांना वाटलं. चर्चच्या जुन्या वह्यांत तो सापडला १७४३ साली. स्कारलेथ नावाच्या गोठ्यात कुणीतरी टाकून दिलेलं तान्हं पोर. अशा पोराला सापडल्या जागेचं नाव द्यायची तेव्हा रीतच होती. त्याआधी त्या आडनावाचं माणूस वह्यांत कुठंच नव्हतं.

विल्फ्रेडचं तोंड एवढंसं झालं. गप्प बसला असता तर खपूनही गेलं असतं, पण माणूस सरळ. रविवारी दोघांना चहाला बसवून त्यानं सगळं सांगितलं आणि क्लिफर्डला शब्दातून मोकळं केलं.

क्लिफर्डनं विचारलं, "मग त्या पोराला वाढवलं कुणी?"

"ॲन हार्कर म्हणून एक विधवा होती. धार काढायला गेली, तिलाच सापडलं ते."

"मग तिचं नाव का नाही लावलं?"

"पाद्री आणि गावातले चार मोठे बसले नि ठरवून मोकळे झाले. तिला कोण विचारतंय?"

डोरीन पावाला लोणी लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला तरी तुम्ही कुठं विचारलंत, बाबा?"

अठ्ठावीस वर्षं ती हेच नाव लावत होती आणि ते तिचंही आहे हे विल्फ्रेडच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला याची गोठ्यापेक्षा जास्त लाज वाटली. त्यानं कप बाजूला सारला.

"ठेवशील का गं?"

"ठेवणारच होते," ती म्हणाली. "तुम्ही उगाच क्लिफर्डला भरीला घातलंत."