खोक्यावरचा शरद

भर दुपारी एक वाजता शेजारच्या देशपांडेंचा कुत्रा ब्रूनो सोसायटीच्या गेटबाहेर डांबरी रस्त्यावर नाचत होता. नाचत कसला, चटके बसत होते म्हणून एकेक पाय उचलत होता. अंगात लोकरी स्वेटर, आणि तोही ऑक्टोबरच्या उन्हात!

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"शरद ऋतूची सर्वांगीण काळजी, वहिनी," पट्टा धरून उभे असलेले देशपांडे कौतुकाने म्हणाले. "स्वेटर, तेल, चूर्ण, सगळं एका खोक्यात आलं. त्यावरच लिहिलंय, दुपारच्या कोवळ्या उन्हात फिरवा."

त्यांनी मोबाइलवर खोक्याचा फोटो दाखवला. त्यावर कुठल्यातरी थंड मुलखातली लाल पानं झडत होती. इथे गेटवरच्या कडुनिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. माझं डोकंच फिरलं. हा माणूस स्वतः टोपी घालून, ताक पिऊन बाहेर पडतो. स्वतःचा ऋतू त्याला कातडीवरून कळतो, मुक्या जिवाचा मात्र खोक्यावर वाचावा लागतो!

"चप्पल काढा आणि इथे उभे राहा," मी म्हणाले.

त्यांनी चप्पल काढली नाही. ब्रूनो मात्र शेपूट हलवत त्यांच्याच हातभर सावलीत जाऊन उभा राहिला.